वहीतल्या पांढऱ्या चौकटी : शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका ख्रिस्ती मुलीचं प्रकरण

गाण्याच्या बाईंनी ती वही माझ्यापुढे ठेवली. दोनशे पानी, पट्टीनं रेघा मारलेली. प्रत्येक बंदिशीखाली तीनतालाच्या सोळा मात्रांचे चौकोन, वर सम म्हणजे तालाची पहिली मात्रा आणि खाली यांच्या खुणा, मध्ये स्वर, खाली शब्द. आणि अधूनमधून व्हाइटनरच्या पांढऱ्या चौकटी. श्याम, शिव, भवानी. जिथं जिथं देवाचं नाव होतं तिथं तिथं पोरीनं पांढरं फासलं होतं. ‘मुखडा उचलते, सुरेल येते, आणि समेवर तोंड मिटते,’ बाई म्हणाल्या. ‘समेचा शब्दच गेलाय ना. नुसता हुंकार देते. ताई, ती तुमच्याकडे प्रार्थनेला येते, तुमचं ऐकते. मी काय समजायचं?’

माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं. कारण त्या चौकटींची सुरुवात आमच्याच शिबिरात झाली होती.

घरच्यांच्या संमतीनं हे लिहिते आहे. नावं घेतलेली नाहीत, ओळख पटेल असे दोनचार तपशील बदलले आहेत. मुलगी सतरा वर्षांची, नगरच्या आमच्या मराठी मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. सात वर्षांची असल्यापासून गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मध्यमा प्रथमपर्यंतच्या चार परीक्षा झालेल्या, मध्यमा पूर्णची तयारी चाललेली. रविवारच्या उपासनेत पेटीवर तीच बसते. घरात आईवडील, धाकटा भाऊ आणि वडिलांची आई. मी मंडळीचा तरुण संघ बघते, चौदा वर्षं झाली.

दिवाळीच्या सुट्टीत तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. दुसऱ्या संध्याकाळचा विषय संगीत. बाहेरगावचे वक्ते मीच बोलावले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक गाण्यामागे एक आत्मा असतो, तो देवाचा तरी असतो नाही तर देवाविरुद्धचा, मधलं काही नसतं. मग यादी आली. सिनेमाची गाणी, पाश्चात्त्य रॉक, इतर धर्मांची भजनं, अभंग, आणि देवदेवतांची नावं असलेलं शास्त्रीय संगीत. मुलांनी तिथल्या तिथं फोन काढून गाण्यांची अ‍ॅप उडवली. काही रडली. मीही त्यांच्याबरोबर गुडघे टेकले आणि मला समाधान वाटलं, हे कबूल करायलाच हवं. दिवसभर कानात बोंडं घालून फिरणाऱ्या या पोरांची मला खरीच काळजी होती. कुणीतरी ठामपणे बोललं म्हणून बरं वाटलं. आपल्या पेटीवर बसणारी मुलगी इतर दिवशी काय गाते, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

पंधरा दिवसांत बहुतेकांच्या फोनवर अ‍ॅप परत आली. यादीचा भार पडला तो सगळ्यात प्रामाणिक असलेल्या पोरीवर. तिनं रियाज थांबवला, मग वहीला व्हाइटनर लावला, मग तशीच क्लासला जाऊ लागली. वडिलांचा फोन आला : ‘ताई, परीक्षा एप्रिलमध्ये आहे, फॉर्म भरलाय. पोरगी गात नाही, नीट जेवत नाही. आणि आमची आई म्हणते, बरं झालं, प्रभूनं ऐकलं.’

घरातली ही दोन टोकं तेव्हाच दिसली. माझं लक्ष मात्र आधी मुलीकडे गेलं.

आम्ही चार शनिवार बसलो. पहिल्या दिवशी तिनं एकच प्रश्न विचारला. ‘ताई, रागाचं नाव तरी घ्यायचं की नाही? दुर्गा आहे, शंकरा आहे, भैरव आहे, सरस्वती आहे. फॉर्मवरच लिहावं लागतं.’ प्रश्न भाबडा वाटेल, पण तिनं यादी शेवटपर्यंत नेऊन पाहिली होती. तसं बघितलं तर मंगळवार आणि शनिवारही म्हणता येणार नाहीत.

मी दानीएलाचं पुस्तक उघडलं. बाबेलमध्ये नेलेल्या या यहुदी तरुणाला राजानं बेलट्शस्सर हे नाव दिलं, आणि चौथ्या अध्यायात राजा स्वतःच सांगतो की ते आपल्या देवाच्या नावावरून ठेवलं आहे. दानीएलानं त्या नावाला हरकत घेतल्याचं कुठं लिहिलेलं नाही. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषाही तो शिकला, सगळ्यांपेक्षा चांगली शिकला. अडला तो ताटापाशी. राजाच्या पंगतीचं अन्न आणि द्राक्षारस त्यानं नाकारला. म्हणजे रेघ त्यानं ओढली, पण ती कुठं ओढायची हे स्वतः ठरवलं. बाबेलच्या दरबारी कुणी यादी करून दिली असती तर तीत नाव पहिलं आलं असतं आणि जेवण बहुधा आलंच नसतं.

त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय संगीताचाच आहे. नबुखद्नेस्सर राजानं सोन्याचा पुतळा उभा केला आणि हुकूम दिला की वाद्यं वाजू लागली की सगळ्यांनी दंडवत घालायचा. शिंग, बासरी, तंतुवाद्यं, सगळी मोजून लिहिली आहेत, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. दानीएलाचे सोबती शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांच्या कानांवर ते संगीत पडलंच असणार. त्यांनी कानांत बोटं घातली असं वचन म्हणत नाही. ते वाकले नाहीत, एवढंच म्हणतं. मुलीनं हे दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘म्हणजे प्रश्न माझ्या गुडघ्यांचा आहे.’ हे तिचे शब्द, माझे नव्हेत. पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा हे अध्याय तर अशा पेचासाठीच आहेत. तिथं प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. बाजारात विकायला आहे ते खा, चौकशी करत बसू नका. पण त्याच दमात तो म्हणतो, देवळातल्या त्या पंगतीत भागीदार होऊ नका. आणि तुमच्या खाण्यानं कुणा भावाचा विवेक दुखावत असेल तर सोडून द्या. बाजारातलं मांस वेगळं, देवळातली पंगत वेगळी, आणि शेजारी बसलेला माणूस त्याहून वेगळा. क्लासमधली बंदिश यांतलं काय, हे ठरवायला मुलीला बराच वेळ लागला. तो वेळ तिला देणं हेच माझं काम होतं. अथेन्समध्ये भाषण करताना याच पौलानं ग्रीक कवीची ओळ घेतली होती, ‘आपण वास्तविक त्याचा वंश आहोत’, आणि मूळ कवितेत ती ओळ झ्यूसबद्दल आहे. म्हणजे ती ओळ पौलाला पाठ होती. पाठ कधी केली असेल, कुणाकडून शिकला असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

बाई हिंदू, चांगल्या भाविक. त्यांनी आपणहून सुचवलं, ‘श्यामच्या जागी तुझ्या येशूचं नाव घाल की. विष्णु दिगंबर पलुस्करांनी नाही का शृंगारिक चिजांचे शब्द बदलून भक्तीचे घातले?’ ते खरंच आहे. घरंदाज मुलामुलींना गाणं शिकता यावं म्हणून पलुस्करांनी शब्दांची अशी निवड आणि बदल केले होते. मुलीनं दोन दिवस खटपट केली. अक्षरांचं वजन जमेना, समेवर शब्द आपटू लागला. शिवाय तिला ते लबाडीचं वाटलं. ‘दुसऱ्याच्या घराची पाटी बदलून आपलं घर म्हटल्यासारखं,’ ती म्हणाली.

इथं आमच्या मंडळीचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. दर रविवारी आम्ही गातो ती कितीतरी पदं नारायण वामन टिळकांची. 1861 साली जन्मलेले, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले, नगरच्या मिशनमध्ये राहून लिहिणारे टिळक. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पण टिळकांनी तुकोबाच्या अभंगातलं विठ्ठल हे नाव खोडून ख्रिस्त लिहिलं नाही. छंद घेतला, चाल घेतली, आर्तता घेतली आणि पद नवं लिहिलं. त्यांच्याही कितीतरी आधी, 1616 साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीत. युरोपातही हेच झालेलं आहे. काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्तमुखावरचं जे गीत जगभर उत्तम शुक्रवारी गातात, त्याची चाल हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकारानं 1601 साली एका प्रेमगीतासाठी बांधली होती. ज्या यादीत प्रेमगीतं बाद, तिच्यात हे गीतही बसणार नाही.

आणि यादी कायदा झाली की काय होतं, तेही आपल्या किनाऱ्यानं पाहिलं आहे. क्रिस्तपुराणानंतर सव्वाशे वर्षं होत आली असताना, 1736 साली, गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, फर्मान काढून स्थानिक ख्रिस्ती लोकांना लग्नातल्या ओव्या गायला बंदी केली. ज्या छंदात येशूची कथा सांगितली, तोच छंद बायकांच्या तोंडी आला की गुन्हा. मी शिबिरातल्या वक्त्यांना त्या पंगतीला बसवत नाही. त्यांची कळकळ खरी होती. पण यादी हातात आली की माणूस मुलांशी बोलायचा थांबतो, आणि माझं तसंच झालं होतं.

इथवर मला वाटत होतं की प्रकरण मार्गी लागलं. मग मी आजींना भेटायला गेले.

आजी मेथी निवडत बसल्या होत्या. मी टिळकांची गोष्ट सांगितली, तुकारामाचा पूलही सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘टिळकसाहेबाला पूल होता, बाई. आम्हाला कुठला पूल? आम्हाला तर देवळाच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते.’

त्यांचं मूळ गाव नेवाशाच्या बाजूचं. त्यांच्या आजोबांच्या घरी परंपरेनं हलगी. गावच्या जत्रेत, पालखीपुढं, मिरवणुकीत वाजवायचं. वाजवणं हा हौसेचा भाग नव्हता, ती जातीवर लादलेली वेठ होती. वाजवायचं त्यांनी आणि देव बघायचा दुसऱ्यांनी. बाप्तिस्मा घेतल्यावर आजोबांनी पहिली गोष्ट केली ती हलगी खाली ठेवण्याची. गावानं बलुतं बंद केलं, विहिरीवरून वाद झाले, दोन हंगाम उपासमार झाली. ‘आमच्या आज्यानं हलगी खाली ठेवली ती कायमची. त्या देवांपुढं आता वाजवणार न्हाई म्हनला. आन् आता नातीच्या नातीनं तेच देव गळ्यात घ्यायचे? परीक्षेसाठी?’

मला बोलता येईना. मी पौलाच्या पत्रातला ‘दुर्बळ भाऊ’ म्हणून त्यांचा विचार करत आले होते. त्या दुर्बळ नव्हत्याच. त्यांचा नकार भीतीतून आला नव्हता, तो त्यांच्या घराण्यानं उपाशी राहून मिळवला होता. नगर जिल्ह्यातल्या शेकडो ख्रिस्ती घरांत ही आठवण आहे आणि चर्चेत ती क्वचितच येते, कारण मंडळीत बोलणारे आम्ही शिकलेले लोक टिळकांपासून सुरुवात करतो. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांची समाधी तर आजही महाद्वाराबाहेरच आहे. अभंग हा सगळ्यांचा वारसा आहे असं आपण म्हणतो तेव्हा कोण कुठं उभं राहून तो ऐकत होतं, हेही सांगायला हवं.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. तिला हलगीची गोष्ट माहीतच नव्हती. तिच्या वडिलांनाही अर्धवट ठाऊक होती. आजी एवढी वर्षं फक्त ‘ते गाणं नको’ म्हणत होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्या माणसाचा कर्मठपणा आहे.

तिसऱ्या शनिवारी मुलीनं वेगळीच गोष्ट काढली. शिबिरात सगळं पुसल्यावर तिला बंदिशींची आठवण आली, पण तळमळ झाली ती दुसऱ्याच गाण्यांसाठी. रात्री अकरानंतर दिवा मालवून ऐकायची गाणी. सोडून गेलेल्या माणसाची, एकटेपणाची, जगून काय करायचं या सुराची. एक संपलं की अ‍ॅप तसंच दुसरं लावतं, आणि दीड कधी वाजतो कळत नाही. बंद केल्यावर दहाव्या दिवशी तिनं चोरून पुन्हा सुरू केली होती. ‘त्यांत कुठल्याच देवाचं नाव नाही, ताई. व्हाइटनर कुठं लावू?’

वक्त्यांच्या यादीत सिनेमाची गाणी होती, हे खरं. पण ती ‘जगिक’, म्हणजे ऐहिक, म्हणून सरसकट होती. एका मुलीची एक रात्र त्या शब्दात मावत नव्हती. मी आधी तिच्या झोपेबद्दल विचारलं, मैत्रिणींबद्दल विचारलं, कुणी दुखावलं आहे का हे विचारलं. होतं तसं काही; ते इथं लिहिणार नाही. तिच्या आईला विश्वासात घेतलं. उदास गाणं ऐकणं हे पाप आहे असं मी तिला म्हटलं नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं रडून भिजलेली आहेत, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. पण स्तोत्रकर्ता रडतो ते कुणासमोर तरी. कानात बोंडं घालून दीड वाजेपर्यंत पडून राहणाऱ्या पोरीसमोर कुणी नसतं.

फिलिप्पैकरांच्या पत्रातलं चौथ्या अध्यायातलं आठवं वचन तिला पाठ होतं, संडेस्कूलमध्ये मीच पाठ करून घेतलेलं. जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध. त्या माळेत आपल्या मराठी बायबलमध्ये एक शब्द आहे, ‘श्रवणीय’. मूळ ग्रीक शब्दाचा रोख ज्याबद्दल चांगलं बोललं जातं त्यावर आहे. पण मराठीत तो शब्द थेट कानाशी येतो आणि मला ते फार मोलाचं वाटतं. शेवटी क्रियापद आहे ‘मनन करा’. आम्ही दोघींनी त्यावरून एक साधी गोष्ट ठरवली. आठवडाभर तिनं प्रत्येक गाण्यानंतर दोन मिनिटं गप्प बसायचं आणि मनात काय उरलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. गाणं चांगलं की वाईट हे लिहायचं नाही. तिनं दाखवलेल्या ओळींमधली एक सांगायला तिनं परवानगी दिली आहे. एका शिवाच्या बंदिशीपुढं तिनं लिहिलं होतं : ‘पूजा वाटली नाही. कोमल ऋषभ लागला याचा आनंद झाला. देवाचे आभार मानले, आपल्या.’ रात्रीच्या गाण्यांपुढं सलग चार दिवस एकच शब्द होता : ‘जड’.

ती गाणी तिनं स्वतः सोडली. सगळी नाही, दिवसा ऐकते, मैत्रिणीबरोबर ऐकते. फोन रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला लागतो.

बंदिशींचं तिनं बाईंजवळ बसून ठरवलं. ख्यालात पावसाच्या, विरहाच्या, सासू-नणंदेच्या चिजा काही कमी नाहीत, आणि तराण्याला तर अर्थाचे शब्दच नसतात. निवडीला वाव होता तिथं तिनं त्या घेतल्या. दोन बंदिशी मूळ शब्दांनिशी गायच्या ठरवल्या, समेवर तोंड न मिटता. गुरुपौर्णिमेला ती जाईल, बाईंच्या पाया पडेल, गाईल. सरस्वतीच्या तसबिरीची पूजा-आरती मात्र करणार नाही. हे तिनं बाईंना तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘मला चोरून हुंकार देण्यापेक्षा हे बरं.’ आमच्या मंडळीत काही जणांना बाईंच्या पाया पडणंही मान्य नाही. पाळकसाहेबांशी त्यावर दोनदा बोलणं झालं. त्यांचं मत माझ्याहून थोडं कडक आहे आणि ते त्यांनी मुलीला प्रेमानं सांगितलं. निर्णय तिच्यावर सोडला.

आणि त्या दोन बंदिशींचा रियाज आजी घरात असताना करायचा नाही, बाईंकडेच करायचा, हेही तिनंच ठरवलं. मी सुचवलं नव्हतं. ‘आजीला पटवायचं नाहीये मला,’ ती म्हणाली. ‘तिच्या घरात ते वाजू नये, एवढंच.’

तरुण संघात मी ती यादी मागे घेतली. मुलांपुढं उभं राहून सांगितलं की शिबिरात मी विचार न करता होकार दिला. दोन पालक नाराज झाले, एकानं मुलगा पाठवायचा बंद केला. त्यांच्या घरी जाऊन आले. अजून तो आलेला नाही.

एप्रिलच्या आधी एकदा मी पुन्हा आजींकडे गेले. हल्ली काही तरुण मंडळ्यांमध्ये उपासनेत हलगी घेतात. आपल्याकडे घेतली तर चालेल का, असं विचारलं. आजी पटकन म्हणाल्या, ‘मी उठून जाईन.’ मग सूप हातातच धरून थोडा वेळ गप्प बसल्या. ‘पर पोरांनी आपल्या मनानं घेतली, कुनी वाजव म्हनलं न्हाई, तर मग इचार करावा लागंल.’

मी विचारलं, आजोबांनी पुन्हा कधीच वाजवली नाही का? ‘हलगी न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘पर रातच्याला वट्ट्यावर बसला की मांडीवर बोटं चालायची त्येची. प्रभूचं गानं म्हनायचा आन् बोटं चालायची.’ आणि त्यांनी सुपाच्या कडेवर दोन बोटांनी ते वाजवून दाखवलं. आतल्या खोलीतून नात बाहेर आली आणि दारात उभी राहून मात्रा मोजू लागली.